परसातला डायनोसॉर: गावठी की गिरिराज?

कोंबडी डायनोसॉरच्या कुळातली, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. परसात आठ-दहा पक्षी पाळायचं ठरवणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो तो गावठी घ्यावी की गिरिराज, हा. मी दोन्ही पाळल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण दोघींत दोष द्यावा अशी कुणीच नाही.

अंड्यांच्या हिशेबात गिरिराज सरळ पुढे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली ही जात वर्षाला 130 ते 150 अंडी देते, गावठी फार तर त्याच्या निम्मी. अंडंही मोठं, आणि कोंबडा बघता बघता वजन धरतो. अंडी विकून घरखर्चाला हातभार लावायचा असेल, तर गिरिराज घ्या असंच मी म्हणेन. गावठीचं अंडं चढ्या भावाने जातं, पण त्याने सगळी तूट भरून निघेल असं वाटत नाही.

जिवाला जपण्यात गावठी हुशार. घारीची सावली पडली की पिल्लांना हाक मारून कुंपणात शिरते, संध्याकाळी खुराड्यात गेली नाही तर आंब्यावर चढून बसते. गिरिराजचं अंग जड, तिला तेवढी झेप जमत नाही. मुंगसाने माझ्याकडचे जे पक्षी नेले ते बहुतेक गिरिराजचेच होते. मानमोडीची लस मात्र दोघींनाही चुकवू नका.

माझा निर्णय ठरला तो वेगळ्याच त्रासामुळे. गिरिराज खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. अंडं घालते आणि निघून जाते. म्हणजे दरवेळी पिल्लं विकत आणायची, आणि हॅचरीवाला सांगेल तेव्हा, तो म्हणेल तेवढी. आणल्यावर पहिले तीन-चार आठवडे बल्बखाली ऊब द्यायची. पावसाळ्यात रात्री वीज गेली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. कंदील, गोणपाट, निखाऱ्यांची शेगडी, सगळं करून झालं. रात्री-अपरात्री उठून पिल्लं मोकळी करायची, हे मला कायमचं झेपणारं नव्हतं. घरचीच अंडी मशीनमध्ये उबवली तरी संकरित जातीचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत.

गावठीला पाटीत पेंढा घालून दहा-बारा अंडी दिली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. सातव्या-आठव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडात धरून वांझ तेवढी काढायची, एवढंच आपलं काम. वीज असो नसो, पिल्लं तिच्या पंखाखाली. मंगोलियात गोबीच्या वाळवंटात 1993 साली सितिपाती नावाच्या डायनोसॉरचा सांगाडा सापडला. हात दोन्ही बाजूंना पसरून तो अंड्यांवर बसलेला होता, सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी. माझी कोंबडी पाटीत तशीच पसरून बसते. इतकी जुनी सवय वर्षाच्या साठ-सत्तर जास्त अंड्यांसाठी सोडून द्यावी, हे माझ्या मनाला पटत नाही.

याची किंमत आहेच. खुडूक झालेली कोंबडी अंडी घालणं थांबवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत पुन्हा सुरू करत नाही. रोज अंडं हवं असणाऱ्या घरात यावरून कुरबुर होते. सगळ्या एकदम खुडूक होऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्या ठेवाव्यात.

कडकनाथचा विचार करत असाल तर भाव चांगला मिळतो, पण तीही अंड्यांवर नीट बसत नाही.

दोन्हींचा मोह असेल तर आधी चार गावठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या आणि गिरिराज नंतर आणा. गिरिराजची एकदिवसाची पिल्लं रात्रीच्या अंधारात, नुकतीच पिल्लं निघालेल्या गावठीखाली सरकवली की बहुतेक वेळा ती त्यांना आपली मानते, आणि बल्बची गरज उरत नाही.