ब्रेसेस, पांढरे डाग आणि फ्लोराइड व्हार्निश: 11 महिन्यांचा अनुभव

ब्रेसेस लागून मला 16 महिने झाले. त्यातले शेवटचे 11 महिने मी तार बदलायच्या भेटीला, म्हणजे साधारण दर सहा आठवड्यांनी, फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर चिकटून राहणारा फ्लोराइडचा पातळ थर, लावून घेतेय. एक भेट चुकली, तरी आतापर्यंत 8 वेळा लावून झालंय. सुरुवात पाच महिने आधी करायला हवी होती, याची मला आजही मनापासून हळहळ वाटते.

पाचव्या महिन्यात तार बदलायला गेले होते. डॉक्टरांनी तार काढली, वरच्या डाव्या दातांवर हवेची फुंक मारली आणि आरसा माझ्या हातात दिला. सुळ्याच्या अलीकडच्या दातावर, ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, खडूने कोर काढावी तसा पांढरा डाग. मी घाबरून त्यावर जीभ फिरवली, तर डाग जवळजवळ गायब! पुन्हा फुंक मारली, पुन्हा डाग. "हा वरवरचा आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण सुळ्यावरचा बघा, तो ओल्या दातावरही दिसतोय." सुळ्यावरचा डाग खरंच तसाच होता, पांढुरका आणि निस्तेज.

याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला फार पटलं. तोंडातलं आम्ल वाढून सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दाताच्या इनॅमलमधलं, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. वरचा पापुद्रा शाबूत राहतो, पण त्याच्याखाली बारीक बारीक पोकळ्या होतात. त्या पाण्याने भरलेल्या असल्या की प्रकाश कमी विखुरतो, वाळून हवा भरली की जास्त विखुरतो, म्हणून कोरड्या दातावर डाग उठून दिसतो. ब्रॅकेटभोवती किटण साचत राहिलं तर हे सगळं व्हायला चार आठवडेही पुरतात. ही खरं तर किडीची पहिली पायरी, भोक पडण्याच्या आधीची. आणि मी मात्र तोवर ते ब्रॅकेट चिकटवायच्या सिमेंटचे डाग समजत होते.

आता व्हार्निशबद्दल. मला लावतात ते 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं, म्हणजे त्यात 22,600 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं. नेहमीच्या टूथपेस्टमध्ये साधारण 1,000 ते 1,500 असतं. आकडा ऐकून मी दचकले होते, पण संपूर्ण तोंडाला अर्धा मिलीलीटरच्या आसपासच लागतं आणि ते गिळायचं नसतं, दातावर चिकटून राहायचं असतं. त्यातलं फ्लोराइड दातावर कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात बसतं आणि पुढे आम्ल वाढलं की थोडं थोडं सुटत राहतं. त्याच्या मदतीने जे खनिज परत जमतं ते आधीपेक्षा चिवट असतं, त्याला विरघळवायला सामू 4.5 च्या आसपास उतरावा लागतो.

लावण्याचं काम पाचेक मिनिटांचं. तार आणि ती ब्रॅकेटला धरून ठेवणाऱ्या छोट्या रिंगा काढायच्या, दात साफ करायचे, गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवायच्या, दात पुसून घ्यायचे आणि अगदी बारीक ब्रशने हिरडीलगतच्या कडेवर पातळ थर द्यायचा. लाळ लागली की तो घट्ट होतो. दात पिवळसर आणि जिभेला खरखरीत लागतात. मला पहिल्या दिवशी सारखी जीभ फिरवायची सवय आवरता आली नाही. त्या रात्री ब्रश करायचा नाही, काही तास कडक, चिकट आणि खूप गरम काही खायचं-प्यायचं नाही. सकाळी ब्रश केल्यावर पापुद्रे निघतात आणि पिवळेपणाही जातो. बहुतेक व्हार्निशमध्ये राळ असते, त्यामुळे राळेची ॲलर्जी असेल किंवा तोंडात जखमा असतील तर आधी सांगा.

एकदा माझ्या डॉक्टर नव्हत्या. त्यांच्याऐवजी जे होते त्यांनी तार न काढता, वरून भराभर फिरवून दिलं. थोडं किटण असलं म्हणजे फ्लोराइड पोचतच नाही, असं नाही. पण बराचसा थर तार आणि रिंगांवर बसला, आणि जिथे डाग होते ती हिरडीलगतची कड तशीच राहिली. आरशात मला ते स्पष्ट दिसत होतं आणि मी काही बोलले नाही. तुम्ही बोला. "तार काढून लावाल का?" एवढं विचारायला काही हरकत नाही.

मी दर भेटीच्या आदल्या दिवशी, एकाच खिडकीपाशी, दात टिश्यूने टिपून फोटो काढतेय. फोटोंमध्ये जे दिसतं ते असं. सुळ्याच्या अलीकडच्या दातावरची ती खडूची कोर चौथ्या-पाचव्या फोटोपर्यंत फिकट झाली. आता फुंक मारून शोधावी लागते. सुळ्यावरचा डाग गेलेला नाही. तो पूर्वी खरखरीत, निस्तेज होता, आता गुळगुळीत आणि चकचकीत आहे, वाढलेला मुळीच नाही. डॉक्टरांच्या मते तो थांबलाय. थांबला म्हणजे पुसला नाही, हे आधी कळलं असतं तर पहिल्या तीन महिन्यांत मी रोज आरशापुढे निराश झाले नसते.

जी भेट चुकली त्या तीन महिन्यांच्या खंडात खालच्या एका दाढेजवळ नवा डाग आला. व्हार्निश नव्हतं म्हणून, असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच काळात मी दोन ब्रॅकेटमधून फिरवायचा छोटा ब्रशही सोडून दिला होता, तेव्हा खापर एकावरच फोडणं बरोबर नाही. व्हार्निश लावलंय म्हणून घासणं सैल झालं तर काही उपयोग नाही, हे त्या दाढेने मला चांगलंच दाखवलं. आता रात्रीचा ब्रश दोनऐवजी चार-पाच मिनिटं चालतो, ब्रॅकेटच्या वरून एकदा आणि खालून एकदा.

तुमच्या ब्रेसेस अजून लागायच्या असतील तर पहिल्याच भेटीत व्हार्निशचं विचारा. दातावर काही दिसायची वाट बघू नका. डाग आधीच असतील तरी लावून घ्या, फक्त अपेक्षा वाढ रोखण्याची ठेवा.

माझ्या ब्रेसेस अजून पाचेक महिन्यांनी निघतील. त्यानंतर सुळ्यावर लगेच जास्त तीव्रतेचं फ्लोराइड लावायचं नाही असं ठरलंय, कारण त्याने वरचा पापुद्रा बंद होतो आणि पांढरेपणा आत तसाच अडकून राहू शकतो. साधी टूथपेस्ट आणि लाळ यांना सहा महिने द्यायचे. तोवरही डाग नजरेत भरला तर रेझिन इन्फिल्ट्रेशन करायचं, ज्यात त्या पोकळ्यांमध्ये प्लास्टिकसारखं पातळ रेझिन मुरवतात. पुढची तार बदलायची भेट तीन आठवड्यांवर आहे, आणि या वेळी त्या खालच्या दाढेला मी स्वतःच बोट लावून दाखवणार आहे.