१२ मार्चच्या पानावर भाऊसाहेब नाहीत : एका दिनविशेष कॅलेंडराचे परीक्षण

प्रत्येक तारखेला एक पान देणारी, साल आणि वार न छापलेली आणि म्हणून दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून उलटता येणारी दिनविशेष कॅलेंडरे आता म्हापसा, फोंडा, मडगाव येथील स्टेशनरीच्या दुकानांत सहज मिळतात. त्यांपैकी महाराष्ट्रातील एका प्रकाशनाने काढलेले, ३६६ पानांचे, तारेच्या बांधणीचे एक कॅलेंडर सध्या फोंडा तालुक्यातील आमच्या मराठी प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलावर उभे असते. परिपाठाच्या वेळी मुले त्यावरूनच दिनविशेष वाचतात आणि तोच मजकूर फळ्यावर उतरवला जातो. त्यामुळे त्यात काय छापले आहे आणि काय गाळले आहे, या दोन्ही गोष्टी आम्हाला बारकाईने पाहाव्या लागतात.

संपादकाने काम मन लावून केले आहे, हे आधी सांगितले पाहिजे. १९ डिसेंबरचे पान त्याचा उत्तम नमुना आहे. १९६१ साली पोर्तुगीज गव्हर्नर व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि गोवा मुक्त झाला, ही नोंद ठळक अक्षरांत आहेच. तिच्याखाली १९२७ मधील काकोरी खटल्यातील फाशीची नोंद आहे आणि ती रामप्रसाद बिस्मिल गोरखपूरला, अश्फाकउल्ला खान फैजाबादला व रोशन सिंह अलाहाबादला, अशी ठिकाणांसह दिली आहे. पुष्कळ संकलनांत या तिघांबरोबर राजेंद्र लाहिरींचे नावही त्याच तारखेला दडपून दिलेले आढळते. लाहिरींना दोन दिवस आधी गोंडा येथे फाशी झाली होती आणि येथे त्यांची नोंद १७ डिसेंबरच्या पानावर बिनचूक सापडते. २९ जूनच्या पानावरही असाच योग साधला आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा १८९३ मधील जन्म, ज्यावरून तो दिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिन झाला, आणि गोव्यात जन्मलेले गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबी यांचे १९६६ मधील निधन या दोन नोंदी लागोपाठ छापल्या आहेत. सांख्यिकीत कोसंबींनीही मोलाचे काम केले असल्याने ही जोडी मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे.

एवढी काळजी घेणाऱ्या संपादकाची नजर गोव्याकडे वळली की मात्र आखूड पडते. १२ मार्चच्या पानावर १९३० ची दांडीयात्रा आहे, १९९३ चे मुंबईतील बॉम्बस्फोट आहेत आणि यशवंतराव चव्हाण यांचा १९१३ मधील जन्मही आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म १९११ साली याच तारखेला झाला, याचा त्या पानाला पत्ता नाही. गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणासाठी ज्यांनी आपला पक्ष उभा केला आणि ज्या राज्यात विलीन व्हायचे होते त्याचे जे पहिले मुख्यमंत्री, त्या दोघांचा वाढदिवस एकच असावा, हे पान संपादकाला आयते मिळाले होते आणि त्याने ते हातचे घालवले. १६ जानेवारीच्या पानाचीही हीच गत आहे. संभाजी महाराजांचा १६८१ मधील राज्याभिषेक आणि न्यायमूर्ती रानडे यांचे १९०१ मधील निधन एवढ्यावर ते आटोपते. १९६७ साली त्याच दिवशी गोवा, दमण व दीव येथे जनमत कौल घेण्यात आला, फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश अशा चिन्हांवर लोकांनी मते दिली आणि १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी गोवा वेगळा राहिला. हा निकाल येथील अनेक मराठीप्रेमींना आजही सलतो, हे मान्य. पण जी तारीख सलते ती मुलांना माहीत असू नये, असे कोणी म्हणणार नाही.

सर्वांत खटकते ते २५ नोव्हेंबरचे पान. सिंधुदुर्गाची १६६४ मधील पायाभरणी, डॉ. आंबेडकरांचे संविधान सभेतील १९४९ चे समारोपाचे भाषण आणि यशवंतरावांचे १९८४ मधील निधन, अशा तीन भारदस्त नोंदी तेथे आहेत. मात्र १५१० साली सेंट कॅथरिनच्या सणादिवशी पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला, त्याची नोंद नाही. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल याच संताच्या नावाचे आहे, कारण विजयाचा दिवस तिचा होता. ४५१ वर्षांची राजवट संपल्याचे पान आहे आणि ती सुरू झाल्याचे पान नाही, असा हा प्रकार आहे. शिवाय सिंधुदुर्गाची नोंद त्याच पानावर असल्याने किनारपट्टीवरील दोन सत्तांचा सामना एका दृष्टिक्षेपात दाखवता आला असता.

आणखी एक उणीव केवळ गोव्यापुरती नाही. जुन्या तारखा कोणत्या कालगणनेने दिल्या आहेत, हे कॅलेंडरात कोठेही सांगितलेले नाही. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ रोजी झाला. आपण त्याची ६ जून १६७४ ही तारीख मानतो ती ज्युलियन या जुन्या युरोपीय गणनेने, जी इंग्रज १७५२ पर्यंत वापरत होते. पोर्तुगालने १५८२ सालीच ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजून ग्रेगोरियन म्हणजे आजची गणना स्वीकारली होती, त्यामुळे पोर्तुगीजांच्या हिशेबाने रायगडावरचा तो दिवस १६ जूनचा होता. म्हणजे सतराव्या शतकातील मराठ्यांची नोंद आणि पोर्तुगीजांची नोंद एकाच पानावर आली, तरी त्या घटना एकाच दिवशीच्या असतील असे नाही. प्रस्तावनेत चार ओळींचा खुलासा आणि अशा नोंदींपुढे एखादे चिन्ह एवढे पुरेसे होते. तिथीने पाळल्या जाणाऱ्या दिवसांबाबत संपादकाने घेतलेला निर्णय मात्र योग्य वाटतो : तुकाराम बीज किंवा ज्ञानेश्वरांचा समाधिदिन दरवर्षी वेगळ्या तारखेला येत असल्याने त्यांना पानांवर स्थान दिलेले नाही.

‘जागतिक अमुक दिन’ छापाच्या नोंदी अर्ध्याअधिक पानांवर आहेत आणि त्यांनी जागा अडवण्यापलीकडे काही साधलेले नाही. खेळाडूंचे वाढदिवस भरपूर आहेत, त्याबद्दल मुलांची तक्रार नाही. २४ एप्रिलला सचिन तेंडुलकरच्या जन्माबरोबर मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचे १९४२ मधील निधन वाचले जाते, हे आम्हालाही आवडते.

बांधणी मजबूत आहे, पण जुलैच्या दमट हवेत पाने एकमेकांना चिकटतात आणि ओढून सुटी केली की तारेजवळच्या छिद्रांना चिरा पडतात. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘आपली नोंद’ म्हणून तीन कोऱ्या ओळी सोडल्या आहेत. बांदोडकर, जनमत कौल आणि आल्बुकेर्क आम्ही तेथेच लिहिले. मात्र कागद गुळगुळीत असल्याने बॉलपेनाची शाई बोटाने पुसली जाते, तेव्हा सीडीवर लिहायचे बारीक टोकाचे मार्कर वापरावे. घरच्या वापरासाठी हे कॅलेंडर डोळे झाकून घ्यावे. गोव्यातील शाळांनी घ्यायचे असल्यास शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी एखाद्या जाणत्या शिक्षकाने त्या कोऱ्या ओळी भरून ठेवाव्यात.