खारपाणपट्ट्यात कस्टम वॉटर कूलिंग: आरटीएक्स ३०८० चा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड पंख्यांऐवजी पाण्यानं थंड करायचं म्हणून पंप, नळ्या अन् रेडिएटरचा लूप दिवाळीनंतर भरला, हिवाळा गेला, नवतपाही निघाला, आता पाऊस लागला म्हणून निवांत लिहून राहिलो. आधी लिहिलं नाही कारण डिसेंबरात कोणतंही कार्ड थंडच राहते, त्या रिव्ह्यूला काय अर्थ. दर्यापूर तालुक्यातलं गाव, काम लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं, डाविंची रिझॉल्व्ह अन् थोडंफार ब्लेंडर. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, म्हणजे सगळ्यात जास्त लोड सगळ्यात तापलेल्या दिवसांत.

कार्ड घेताना लोक पंखे किती, लाईट कसे लागतात, फॅक्टरीतून ओव्हरक्लॉक किती हेच पाहतात. राजेहो, तो कार्डावरचा पंख्यांचा कूलर तर तुम्ही काढूनच ठेवणार, त्याचे जास्तीचे पैसे कायले द्यायचे? पाहायचा तो पीसीबी, म्हणजे चिपा बसवलेली कार्डाची पाटी. फुल कव्हर ब्लॉक, म्हणजे ज्यातून पाणी फिरते तो धातूचा ठोकळा, मुख्य चिप, मेमरी अन् व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारा भाग) तिन्हींवर एकदम बसतो, त्यामुळे स्क्रूची भोकं, कपॅसिटरची उंची, सगळं जुळावं लागते. अन् नाव एकच ३०८० असलं तरी एनव्हिडियाच्या स्वतःच्या फाउंडर्स एडिशनचा पीसीबी आखूड, टोकाला व्हीसारखा कापलेला, बाकी कंपन्यांना दिलेला रेफरन्सवाला वेगळा, असुसच्या स्ट्रिक्सचा अन् एमएसआयच्या गेमिंग एक्स ट्रायोचा आपापला. एकाचा ब्लॉक दुसऱ्याला लागत नाही. मी आधी ब्लॉक कशाकशाचा सहज भेटते ते पाहिलं, मग त्या हिशोबानं रेफरन्स पीसीबीचं सेकंडहँड कार्ड शोधलं. सेकंडहँड असल्यानं कूलर उघडताना वॉरंटीच्या स्टिकरचं टेन्शनही नव्हतं.

मध्ये त्याच्या वरचं ३०९० पण बऱ्या भावात भेटत होतं, २४ जीबी मेमरी पाहून मन डळमळलं. पण त्याच्या २४ मेमरी चिपांपैकी १२ पाठीमागच्या बाजूला, अन् साधा ब्लॉक बसते समोरून, मागं नुसती बॅकप्लेट. ही जीडीडीआर६एक्स जातीची मेमरी मुळातच तापट, त्यात आपला मे महिना, सोडून दिलं. ३०९० टीआयमध्ये सगळ्या चिपा समोर आल्या पण ते पडलं ४५० वॅटचं. ३०८० च्या दहाही चिपा समोर अन् ३२० वॅट, माझ्या एका ३६० मिमीच्या रेडिएटरला तेवढंच झेपण्यासारखं.

आता मुद्द्याचं. गावात ज्यानं त्यानं विचारलं, पाणी फिरते म्हणजे कार्ड एकदम गार पडत असल न भाऊ? सगळ्यांच्या डोळ्यापुढं आपला डेझर्ट कूलर. कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडते म्हणून हवा गार होते, लूपमधलं पाणी बंद नळीत फिरते, ते फक्त उष्णता उचलून रेडिएटरपाशी नेऊन टाकते. खोली ४० ला असली तर पाणी ४० च्या खाली जाणारच नाही. माझ्याकडे रेंडर चालू असताना पाणी खोलीपेक्षा १०-१२ अंश वर अन् चिप त्याच्याही १३-१४ वर. बाहेर ४४ असो, कोरड्या हवेत कूलर मस्त चालते, खोली ३१-३२ ला राहते, चिप ५६ च्या आसपास. मेमरी जंक्शन, म्हणजे मेमरी चिपच्या आतलं तापमान, जुन्या पंख्यांवर १०४ पर्यंत जायचं, अन् ११० ला कार्ड स्वतःच वेग पाडते, ते आता ७५ ला थांबते. आवाज तर विचारूच नका, कूलरपुढं पीसी ऐकूच येत नाही.

खरी गंमत लाईन गेल्यावर. पीसी इन्व्हर्टरवर चालू, कूलर बंद, खोली पाहता पाहता ३९ वर अन् पाणी ५० च्या घरात. पाणी फिरवणाऱ्या डी५ पंपाची मर्यादा ६० अंशाची, पेटजी प्लास्टिकच्या कडक नळ्याही त्याच्या आसपास नरम पडायला लागतात, म्हणून मी पहिल्यापासून रबरी ईपीडीएम नळी टाकली, दिसायला काळी कुळकुळीत पण ना नरम पडते ना पारदर्शक पीव्हीसीसारखा पाण्यात चिकटा सोडते. कार्डाची पॉवर लिमिट २६० वॅटवर आणली तर पाणी दोनेक अंश उतरलं अन् रेंडरमध्ये फार फरक पडला नाही, आता तसंच ठेवलं. पावसाळ्यात उलटं आहे, दमट हवेत कूलर काही कामाचा राहत नाही, बाहेरचं तापमान खाली येऊनही चिप मेमधल्याइतकीच तापते.

पाण्याबद्दल आपल्या भागातल्यांनी जरा जास्तच जपा. आमचं बोअरचं पाणी खारं, कूलरच्या गवतावर एका उन्हाळ्यात पांढरी खपली चढते, बोटानं दाबली की कुरकुर तुटते. ब्लॉकच्या आतल्या फटी मिलिमीटरपेक्षाही बारीक, तिथं हे साचलं तर विषय संपला. आरओचंही नको, डिस्टिल्डच घ्या अन् त्यात गंज अन् शेवाळ न धरणारं औषध टाका, नाहीतर तयार कूलंट. कूलरचा झोत सरळ रेडिएटरवर सोडू नका, खाऱ्या पाण्याचे तुषार त्याच्या पातळ पात्यांवर (फिन्सवर) वाळतात. अन् तांब्याच्या ब्लॉकसोबत स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर अजिबात नाही, पाणी एकच असलं की ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जाते.

तक्रार दोनच. ब्लॉकसोबत आलेले थर्मल पॅड (चिप अन् ब्लॉकच्या मधात लावायच्या, उष्णता नेणाऱ्या गाद्या) जाडीला चुकीचे निघाले, विकणाऱ्यानं फोन उचलला नाही, मग वेगळे मागवले. अन् कापसाचा फुफाटा. जिनिंग जवळच आहे, सीझनमध्ये रेडिएटरवर रुईचा थर बसते, ब्लोअर मारत राहावं लागते.

नव्यानं घेणाऱ्याला मी ४०७० पाहायला सांगतो, २०० वॅट, बऱ्या पंख्यांवर उन्हाळा निघून जाते, पाण्याच्या भानगडीत पडायची गरजच नाही. ३०० वॅटच्या वरचं सेकंडहँड घेऊन पाणीच लावायचं असल तर पैसे पाठवायच्या आधी विकणाऱ्याकडून कार्डाच्या मागच्या बाजूचा अन् पॉवर कनेक्टरचा स्पष्ट फोटो मागा, पीसीबी कोणता ते त्यावरूनच बरंचसं कळते.