बॅटरी १ वर्ष म्हणे! ओलाव्याचा लोरा नोड, ८ महिन्यांनंतर

डब्यावर ‘बॅटरी १ वर्ष’ छापलंय. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत लावलेल्या या नोडांना (मातीतला ओलावा मोजून लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओने पाठवणारी छोटी यंत्रं) २६०० एमएएचचा १८६५० हा चार्ज होणारा लिथियम सेल आठवडाभरही पुरला नाही. सर्व्हिसवाल्यांचं पालुपद एकच: गेटवे (नोडांचा डेटा झेलणारं यंत्र) जवळ घ्या, डेटा कमी वेळा पाठवा. १५ मिनिटांचे ६० केले, फरक शून्य.

तोवर दोष रेडिओचाच वाटत होता. पण नोड झोपलेला असताना सेलच्या वायरीत मल्टिमीटर घातला, तर ११ मिलिअँपिअर! त्यातले ५ एकटा एएमएस१११७ रेग्युलेटर (प्रोसेसरचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा पार्ट) खातो, ५ ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर (त्याची वीज कधी बंदच होत नाही), उरलेला १ पॉवर एलईडी. या हिशेबाने सेल जेमतेम १० दिवसांचा.

मग आठवड्याच्या आतच का मरतो? पुन्हा तोच रेग्युलेटर. त्याला आउटपुटपेक्षा साधारण १ व्होल्ट जास्त लागतो. सेल ३.७ वर आला, म्हणजे अजून निम्मा भरलेला असताना, प्रोसेसरला मिळतात २.७, आणि या एटीमेगा३२८ प्रोसेसरचं ब्राउन-आउट, म्हणजे ज्याखाली व्होल्टेज गेलं की तो रीसेट होतो ती मर्यादा, तिथेच लावलीय. रेडिओ पाठवायला गेला की रीसेट. ॲपवर ‘बॅटरी संपली’ दिसलं म्हणून चांगला सेल फेकू नका. दोन चहांच्या पैशात बदलणाऱ्या पार्टसाठी गिऱ्हाइकाला दर आठवड्याला बागेत पळवणं अक्षम्य आहे.

इलाज: ३.३ व्होल्टचा एमसीपी१७०० रेग्युलेटर. त्याला स्वतःला लागतात १.६ मायक्रोअँपिअर. त्याचं टीओ-९२ (तीन लांब पायांचं) पॅकेज घेतलंत तर पाय जुळत नाहीत: जुन्याचा क्रम ग्राउंड-आउट-इन, नव्याचा ग्राउंड-इन-आउट. स्लीव्ह घालून दोन पाय एकमेकांवरून न्या, इन-आउट दोन्हीकडे १ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर लावा. एलईडी उचकटा. सेन्सरची लाल वायर मोकळ्या डिजिटल पिनवर घ्या: पिन हाय, अर्धा सेकंद थांबा, वाचा, लो. बॅटरी मोजायच्या डिव्हायडरमधले (व्होल्टेज विभागणाऱ्या जोडीतले) १०० किलोओहमचे रेझिस्टर काढून १ मेगओहमचे घाला, ॲनालॉग पिनला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. झोपेतला करंट १० मायक्रोअँपिअरवर येतो. तो मोजताना मीटरला समांतर एक वायर ठेवा आणि नोड झोपल्यावरच काढा. नाहीतर मायक्रो रेंजमध्ये व्होल्टेज पडून नोड रीसेट होत राहतो.

गळती थांबल्यावर मात्र रेडिओचा खर्च दिसू लागतो, आणि इथे सर्व्हिसवाल्यांचं खरं आहे. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तितका पल्ला जास्त, पण पाठवायला वेळही जास्त. छोटं पॅकेट एसएफ७ वर ६० मिलिसेकंदांच्या आसपास हवेत असतं, एसएफ१२ वर दीड सेकंदाच्या घरात. डिसेंबरातल्या बदलांनंतर पुन्हा १५ मिनिटांवर आणलं, चार्जिंग एकदाही नाही. जवळचे नोड आज ४.१ व्होल्टवर, ओढ्यापलीकडचा एसएफ१२ वाला ४.० वर. त्याचा अँटेना मांडवाखाली पानांत दडलाय. तो मांडवाच्या वर काढायचा बाकी आहे.