अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका: एक अभिप्राय

दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १९३५ पासून चालत आलेल्या या उपक्रमात शुल्क घेतले जात नाही. खर्च सभासदांच्या ऐच्छिक देणगीतून चालतो आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. बैठक शोधण्यासाठी ‘मीटिंग गाइड’ हे मोफत अ‍ॅप सोयीचे आहे, तरी निघण्यापूर्वी वेळ व जागेची खात्री करावी. ‘खुल्या’ बैठकीला नातेवाईकही बसू शकतात, ‘बंद’ बैठक मात्र केवळ दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. त्यामुळे बिचकणाऱ्या नवख्याने खुल्या बैठकीपासून सुरुवात करणे बरे.

बोलण्याची सक्ती नसते आणि उपदेशाऐवजी प्रत्येक जण स्वतःचाच अनुभव सांगतो, हे मला या पद्धतीचे खरे बळ वाटते. दारूपासून दूर राहण्यासाठी सभासद ज्या ‘बारा पायऱ्या’ अनुसरतात, त्यांतील ईश्वराचा उल्लेख काहींना खटकेल, जरी त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा अशी मुभा आहे. समूहागणिक वातावरण फार बदलते, तेव्हा एकाच बैठकीवरून मत बनवू नये. या बैठका म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हेत: दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही स्वतंत्र संघटना आहे.