एचआर पोर्टलमधला दिव्यांग सेक्शन: ५ पैकी अडीच स्टार, तेही मन मोठं करून

आमच्या ऑफिसात (इंदूर, विजय नगर, कंपनीचं नाव लिहीत नाही, पोर्टलचं पण नाही, नोकरी करायचीय अजून) एक्सेल बंद करून नवं एचआर पोर्टल आणलंय. हजेरी, रजा, सॅलरी स्लिप वगैरे ठीक चालतं, त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मी लिहितेय त्यातल्या 'दिव्यांगता तपशील' या पानाबद्दल, ज्याचा रिव्ह्यू कोणी करत नाही कारण ते उघडणारेच कमी. मी ते दोन्हीकडून बघते. मला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे, यूडीआयडी कार्ड (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) पिवळं म्हणजे दिव्यांगता ४० टक्क्यांच्या वर आणि ८० च्या खालची, आणि काम करते पेरोलमध्ये, म्हणजे लोक जे भरतात ते शेवटी माझ्याच स्क्रीनवर येतं.

आधी चांगलं सांगते. कार्डाचा नंबर टाकला, पीडीएफ चढवली की काम झालं, मोबाईलवरून पण होतं. जुन्या टॅक्स रेजीमवाल्यांना दिव्यांगांची टॅक्स सूट (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८० यू) आपोआप लागते, ४० टक्क्यांच्या वर असेल तर ७५ हजार, ८० च्या वर असेल तर सव्वा लाख, पूर्वी आम्ही हे मार्चमध्ये एकेकाला फोन करून विचारायचो. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) पण बरोबर घेतं. बाकीच्यांची पगाराची मर्यादा २१ हजार आहे पण दिव्यांग कर्मचाऱ्याची २५ हजार, हे पुष्कळ पेरोलवाल्यांना माहीतच नसतं आणि माणूस उगाच कव्हरमधून बाहेर पडतो. इथे सिस्टिम स्वतः पिवळी पट्टी दाखवते. यासाठी दीड स्टार तर इथेच दिले.

आता यादी. प्रकार निवडायचा म्हटलं तर ड्रॉपडाऊनमध्ये अस्थिबाधित, दृष्टी, श्रवण, मानसिक आणि 'इतर', संपलं! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत हो. १९९५ च्या कायद्यात सात होते, आणि हे पोर्टल बनवणाऱ्याने बहुतेक तोच जुना कागद समोर ठेवलाय. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, ऑटिझम, अॅसिड हल्ल्यातले लोक, सगळे 'इतर'मध्ये. आपल्या एमपीत झाबुआ-अलीराजपूरकडे सिकल सेल किती घरांत आहे, तिकडची पोरं इथे नोकरीला येतात, आणि त्यांना 'इतर'. पीएफच्या यूएएनवाल्या (खाते नंबरच्या) फाईलमध्ये तर चालणं, ऐकणं, बघणं एवढंच विचारतात, म्हणजे एकाच माणसाला तीन ठिकाणी तीन वेगळ्या खणांत बसवायचं, आणि वर्षाच्या शेवटी आकडे जुळत नाहीत म्हणून पुन्हा मलाच मेल.

त्याहून वाईट म्हणजे टक्केवारी ४० च्या खाली टाकली की फॉर्म लाल होतो, 'पात्र नाही' लिहून येतं आणि पुढचं पान उघडतच नाही. आरक्षणाला, टॅक्सला ४० लागतात हे बरोबर आहे. पण कामाच्या जागी सोय मागायला ४० ची अट नाहीये. रायटर्स क्रॅम्प असलेल्या उमेदवाराच्या केसमध्ये, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येच हे सांगितलंय, परीक्षेत लेखनिक मिळायला ४० टक्के असलेच पाहिजेत असं नाही. पोर्टलवाल्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

आणि आता मेन तक्रार, कोणाला काय दिसतं. मला पेरोलसाठी काय लागतं? ४० च्या वर की ८० च्या वर, बस, आणि कार्डाची तारीख. पण माझ्या लॉगिनमध्ये सगळ्यांची पूर्ण सर्टिफिकिटं उघडतात, निदानासकट, अगदी मानसिक आजाराचं पण. मला नकोय ते, कँटीनमध्ये पोहे खाताना समोर बसलेल्या माणसाचं सगळं मला का माहीत असावं? टीम लीडला सर्टिफिकीट नाही दिसत पण नावापुढे व्हीलचेअरचं चिन्ह दिसतं. माझ्या नावापुढे पण! मी दोन जिने चढून येते रोज, लिफ्ट बंद असते म्हणून, आणि चिन्ह व्हीलचेअरचं. २०११ च्या आयटी नियमांत तब्येतीची माहिती संवेदनशील डेटा धरलीय, ती अशी टीमच्या डिरेक्टरीत चिकटवायची वस्तू नाही. बरं, ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाच्या शुभेच्छांची मेल आली, त्यात सगळ्या दिव्यांग कर्मचाऱ्यांचे पत्ते सीसीमध्ये उघडे. एकाने तोपर्यंत ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. तो दिवसभर जागेवरून उठला नाही.

एचआरला विचारलं तर म्हणाली, "दीदी, रिकॉर्ड रखना तो कानून में है।" आहेच, मी कुठे नाही म्हणतेय! २०१६ च्याच कायद्याचं कलम २२ आहे, वीस किंवा जास्त माणसांच्या प्रायव्हेट कंपनीला पण लागू आहे. पण त्या कायद्याचे २०१७ चे नियम वाचले तर त्या रेकॉर्डमध्ये काय काय हवंय, तर नाव, पत्ता, दिव्यांगतेचा प्रकार, काम काय करतो, आणि त्याला कोणत्या सोयी दिल्या. हा शेवटचा खणच पोर्टलमध्ये नाही! म्हणजे माझे कान किती टक्के गेलेत ते दरवर्षी विचारणार (सर्टिफिकीट पर्मनंट आहे तरी एप्रिलमध्ये रिमाइंडर येतंच, 'कृपया पुन्हा अपलोड करा', जसे काय यंदा कान परत येणार आहेत), पण मीटिंगमध्ये तुला काय हवंय हे एकदाही नाही. नियमाप्रमाणे कंपनीत दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी एक लायझन ऑफिसर (संपर्क अधिकारी) पण पाहिजे, त्याचं नाव पोर्टलवर मी सगळीकडे शोधलं, नाही सापडलं.

एवढा डेटा जमवायची घाई कशाची ते नंतर कळलं. आमचा मोठा क्लायंट शेअर बाजारात लिस्टेड आहे, आणि सेबीच्या बीआरएसआर रिपोर्टमध्ये (कंपनीच्या सामाजिक-पर्यावरण जबाबदारीचा वार्षिक अहवाल) टॉपच्या १००० लिस्टेड कंपन्यांना दिव्यांग कर्मचारी किती, त्यात पुरुष किती, बायका किती हे द्यावं लागतं, मग ते आमच्यासारख्या व्हेंडरकडूनही मागायला लागलेत. चांगलंच आहे की. पण त्याला आकडा लागतो, नावं नाही.

तुमच्या ऑफिसात हे किंवा असलंच पोर्टल येणार असेल तर भरण्याआधी लेखी विचारा की कोणाच्या लॉगिनला काय दिसेल, आणि पीडीएफ चढवण्याऐवजी नुसता यूडीआयडी नंबर चालतो का. आमच्याकडे नंबर चालला, पीडीएफचा खण सक्तीचा नव्हता, फक्त तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पोर्टलवाल्यांच्या सपोर्टला पण तिकीट टाकलंय, उत्तर आलं की रोलप्रमाणे माहिती लपवायची सोय आहे पण ती वरच्या प्लॅनमध्ये, जास्त पैसे भरून. म्हणजे पडदा वेगळा विकत घ्यायचा! कंपनी विचार करतेय म्हणे.

माझं काम मात्र पोर्टलशिवाय झालं. टीम लीडला सरळ मेल केली की व्हिडिओ कॉलला कॅप्शन चालू ठेवा आणि बोलताना कॅमेरा बंद करू नका, ओठ बघावे लागतात. त्याने दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं, सर्टिफिकीट मागितलं नाही.