भूजल साफ झाल्याचा अहवाल आला, पेट्रोल मात्र जमिनीतच राहिलं

वडिलांनी पेट्रोल पंपासाठी भाड्याने दिलेली आमची जागा पंप बंद पडल्यावर परत ताब्यात आली. जमिनीतल्या जुन्या लोखंडी टाक्या उपसून काढल्या तेव्हा खालची माती काळपट, ओलसर निघाली आणि पेट्रोलचा भपकारा आला. टाकी गळत होती हे उघडच होतं. माती आणि भूजल साफ करण्याचं काम आम्ही एका कंपनीला दिलं आणि तिने आम्हाला पद्धतशीर फसवलं. ते कसं, हे सविस्तर लिहितोय. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, आणि ज्याच्या पदरी अशी जागा पडेल त्याच्या बाबतीत हेच घडू शकतं.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने भूजलाच्या पातळीवर तवंगासारखं साचून राहतं. त्यातली बेंझीन, टोल्युईनसारखी द्रव्यं मात्र पाण्यात विरघळतात आणि भूजलाबरोबर शेजाऱ्यांच्या विहिरींकडे सरकू लागतात. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे एका लिटरमध्ये ग्रॅमचा एक लाखावा भाग. एवढ्याशा प्रमाणाला ना वास येतो ना चव कळते. त्यामुळे माणूस अहवालावर भिस्त ठेवतो, आणि खोट नेमकी तिथेच घातली जाते.

कंपनीने तपासणीसाठी तीन बोअर मारले. असल्या बोअरमध्ये चिरा पाडलेला पाइप पाण्याच्या पातळीच्या थोडा वर आणि थोडा खाली असा बसवावा लागतो, म्हणजे ऋतूप्रमाणे पातळी वरखाली झाली तरी तरंगणारं पेट्रोल आत येतं. आमच्या बोअरमध्ये वरचा सगळा पाइप कोरा होता आणि चिरा पाण्याच्या बऱ्याच खाली. पेट्रोलचा थर आत शिरायला वाटच ठेवलेली नव्हती! नंतर दुसऱ्या भूजलतज्ज्ञांनी बोअरमध्ये कॅमेरा सोडला तेव्हा हे पडद्यावर दिसलं. शिवाय तीनपैकी दोन बोअर टाक्यांच्या वरच्या अंगाला होते, म्हणजे भूजल जिकडून येतं त्या बाजूला. तिथलं पाणी मुळात चांगलंच होतं. ते तपासून चांगलं निघालं, यात कंपनीचं कर्तृत्व काय?

उपचार म्हणून बोअरमध्ये पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी सोडलं. हे रसायन ट्रायक्लोरोइथिलीनसारख्या काही प्रदूषकांवर चांगलं चालतं, पण बेंझीनवर त्याची मात्रा जवळजवळ लागू पडत नाही. कंपनीचा माणूस जांभळ्या पाण्याची बाटली उंच धरून सांगायचा, "बघा साहेब, रंग टिकलाय, औषध काम करतंय." खरं उलट आहे. परमँगनेट खर्ची पडलं की जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ उरतो. रंग टिकतो याचा अर्थ ते न वापरताच पडून आहे.

सगळ्यात संताप येतो तो नमुन्यांचा. बेंझीन उघड्यावर चटकन उडून जातं. म्हणून नमुना 40 मिलीच्या काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरतात, बाटली उलटी करून आत हवेचा एकही बुडबुडा नाही ना ते बघतात, थोडं आम्ल घालतात, बर्फात ठेवतात आणि 14 दिवसांच्या आत तपासतात. आमच्याकडे आलेला मुलगा बादलीने पाणी काढायचा, प्लॅस्टिकची मोठी बाटली अर्धीमुर्धी भरायचा आणि उन्हात उभ्या गाडीत टाकायचा. त्याआधी त्याच बोअरमध्ये काँप्रेसरने हवा सोडलेली असायची. प्रयोगशाळेपर्यंत पोचलेल्या पाण्यात बेंझीन उरणार कुठून? त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. प्रयोगशाळाही खोटं बोलली नाही. अहवालात खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं, "नमुना ग्राहकाने आणून दिला." म्हणजे तपासणी झाली ती हाती आलेल्या बाटलीची, आमच्या जमिनीची नव्हे.

त्या अहवालावर कंपनीने पूर्ण पैसे वसूल केले. करारात काम संपल्याची खूण म्हणून फक्त "समाधानकारक अहवाल" एवढंच लिहिलेलं होतं. यंत्रं गेल्यावर काही महिन्यांनी खालच्या अंगाच्या शेजाऱ्यांच्या विहिरीला पेट्रोलचा वास येऊ लागला. त्या घरात लहान मुलं आहेत आणि तेच पाणी स्वयंपाकाला वापरत होते. हे कळलं तेव्हा जिवाचा थरकाप उडाला. आता त्यांनी पिण्यासाठी दुसरीकडून पाणी घ्यायला सुरुवात केली आहे.

नव्या तज्ज्ञांनी नीट बोअर मारले आणि तवंग लगेच सापडला. त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली. पातळी खाली जाते तेव्हा पेट्रोलही खाली उतरतं आणि मातीच्या कणांना चिकटून बसतं. पाणी वर आलं की ते पाण्याखाली अडकतं आणि तिथून हळूहळू विरघळत राहतं. त्यामुळे यंत्र चालू असताना आकडे उतरतात आणि बंद केलं की पुन्हा चढतात. आता आधी तवंग उपसणं, मग मातीतली वाफ खेचून कार्बनमधून गाळणं, अशा क्रमाने काम चालू आहे.

नव्या करारात आम्ही लिहून घेतलंय: नमुने कंपनी घेणार नाही, प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन घेईल. शेवटची तपासणी यंत्र बंद करून पुरेसे दिवस गेल्यावर होईल आणि पाणी सर्वांत खाली असताना व सर्वांत वर असताना, दोन्ही वेळा होईल. टाक्यांच्या खालच्या अंगाला बोअर असल्याशिवाय अहवाल धरला जाणार नाही. प्रत्येक बोअरमध्ये चिरांचा पाइप किती खोलीपासून किती खोलीपर्यंत आहे, याचा नकाशा आधी हातात मिळेल.

तुम्ही जुन्या पंपाची जागा घेत असाल आणि विकणारा साफसफाईचा अहवाल पुढे करत असेल, तर आकड्यांच्या आधी नमुना कोणी घेतला ती ओळ शोधा आणि बोअरचा नकाशा मागा. शेजारी विहीर असेल तर तिचंही पाणी तपासून घ्या, आणि जे निघेल ते त्या घरच्यांना त्याच दिवशी सांगा.